वाळलेला की वाळवलेला

कारखान्यात तिला सगळे वहिनी म्हणत. फाटकावरचा पहारेकरी म्हणे, गाड्यांचे ड्रायव्हर म्हणत, आणि तिच्या वडिलांच्या वयाचे मुख्य केमिस्ट साहेबसुद्धा "वहिनी, जरा आलेख दाखवता का?" असं विचारत. याचं सगळं श्रेय तिच्या धाकट्या दिराला. तो तिथे आधीपासून लोडर चालवायचा. ती कामावर हजर झाली त्या दिवशी भर आवारात, लोडरच्या खिडकीतून अर्धा बाहेर येऊन तो ओरडला होता, "वहिनी, डबा घरी विसरलात!" झालं. पदवी, नेमणूकपत्र, पांढरा कोट सगळं बाजूला राहिलं आणि ती साऱ्या कारखान्याची वहिनी झाली. सुरुवातीला तिला राग यायचा. मग लक्षात आलं की मॅडम म्हणणारी माणसं कामं टाळतात आणि वहिनी म्हणणारी करतात. तेव्हा तिने तो राग गिळून टाकला.

कारखाना काडापासून इंधन करायचा. गहू कापून झाला की शेतात जे काड उरतं त्याचे गठ्ठे बांधून गाड्यांतून यायचे. त्यातली साखर सोडवायची, आंबवायची आणि तिचं इंधन करायचं. सांगायला एका ओळीचं काम, पण ती साखर काही ताटात वाढून ठेवलेली नसते. लिग्निन नावाच्या चिवट पदार्थाने तिला आवळून धरलेलं असतं, आणि एका शेताचं काड दुसऱ्या शेतासारखं नसतं. कुठल्या काडाला वाफ किती द्यायची, आम्ल किती घालायचं, हे ठरवायचं तर आत काय दडलंय ते आधी कळायला हवं. पूर्वी एका नमुन्याला चार दिवस लागायचे. वहिनीचं यंत्र ते एका मिनिटात सांगायचं.

यंत्र दिसायला एखाद्या पेटीएवढं. कपात नमुना भरून ठेवला की ते त्याच्यावर तांबड्याच्या पलीकडला, डोळ्यांना न दिसणारा उजेड टाकायचं. त्यातला काही उजेड साखर पिते, काही लिग्निन पितं, काही पाणी. उरलेला परत येतो. कोणी किती उजेड प्यायला त्यावरून पडद्यावर एक चढउताराची रेघ उमटते. त्या रेघेवर पाण्याच्या दोन टेकड्या असत. वहिनीला त्या इतक्या ओळखीच्या झाल्या होत्या की आकडा यायच्या आधीच ती सांगायची, "चौदा असणार." आणि चौदाच यायचे.

"यंत्र खोटं बोलत नाही," हे तिचं ठरलेलं वाक्य.

"आणि माझा हात काय खोटं बोलतो?" हे दिराचं.

रोज सकाळी पहिली गाडी आली की तो लोडरमधून उतरायचा, उजव्या हाताचा मोजा काढायचा, गठ्ठ्यात कोपरापर्यंत हात खुपसायचा आणि डोळे मिटून एखाद्या वैद्याच्या थाटात सांगायचा, "बारा." मग वहिनी यंत्र लावायची. हरेल त्याने चहा पाजायचा. बहुतेक वेळा तो एखाद्या टक्क्याने हुकायचा, आणि चहा पाजतापाजता म्हणायचा, "तुमचं यंत्र लबाड आहे, वहिनी. माझं ऐकून मग आकडा सांगतं."

आता पुढचं सगळं समजायला एवढं एकच ध्यानात ठेवायला हवं. प्रत्येक गाडीतला नमुना यंत्राला दोनदा दाखवायचा असे. पहिल्यांदा गठ्ठ्यातून काढला तसाच, ओलावा बघायला. पंधरा टक्क्यांच्या आत असेल तर गाडी शेडमध्ये, वर असेल तर मैदानावर उन्हात. कारण ओलं काड गंजीत दाबून रचलं की ते आतल्या आत कुजतं, कुजताना तापतं आणि तापतातापता एक दिवस पेटतं. बाहेरून कुणी काडी लावायला लागत नाही. दुसऱ्यांदा दाखवायचा तो नमुना ड्रायरमध्ये वाळवून, दळून, साखर आणि लिग्निन मोजायला. त्या वेळी पाणी मध्ये आलं तर सगळा आलेख बिघडतो.

या दोन नमुन्यांना वहिनीने सात वर्षांपूर्वी नावं दिली होती. शेतात उन्हाने आपोआप वाळून आलेला, तो 'वाळलेला'. आणि आपण ड्रायरमध्ये घालून वाळवला, तो 'वाळवलेला'. यंत्राच्या पडद्यावरची दोन बटणं त्याच नावांची होती, ट्रेवरच्या चिठ्ठ्याही त्याच. तिच्या लेखी हे दोन शब्द दिवस आणि रात्र होते. मराठी नीट येणाऱ्या माणसाची यात गफलत होईलच कशी, असं तिला वाटायचं. तिला शुद्धलेखनात शाळेत नेहमी पैकीच्या पैकी मिळत.

त्या वर्षी हंगाम ऐन भरात असताना तिचं अपेंडिक्स दुखू लागलं. डॉक्टर म्हणाले, उद्याच्या उद्या. तिच्या जागी बसायला माणूस नव्हता, म्हणून साहेबांनी भांडारकाकांना बसवलं. काका भांडारात तीस वर्षं होते, चार महिन्यांनी निवृत्त होणार होते, आणि खिळा हरवला तरी तो कुठल्या खोक्यातून हरवला हे सांगू शकत. वहिनीने पोट एका हाताने दाबून धरत दुसऱ्या हाताने त्यांना कागद लिहून दिला. 'पायरी पहिली: वाळलेला नमुना कपात भरून ओलावा बघणे. पायरी दुसरी: वाळवलेला नमुना दळून घटक बघणे.' खाली दोन रेघा मारल्या आणि ती दवाखान्यात गेली. नवऱ्याने घरात आणि दिराला बजावून ठेवलं, "बारा दिवस तिला कारखान्याचा एकही फोन जाता कामा नये. नाहीतर ती सलाईन काढून पळेल."

बाराव्या दिवशी ती परत आली. टाके ओढत होते, चालणं जपून होतं. फाटकाबाहेर गाड्यांची रांग लांबपर्यंत होती. पहिल्याच ड्रायव्हरने खिडकीतून मान काढली.

"आलात का वहिनी! सुटलो बुवा. काकांनी नुसता जीव खाल्ला आमचा."

"का? काय केलं काकांनी?"

"अहो, एकेका गाडीला पंधरा-पंधरा मिनिटं! तुम्ही कशा, भरला कप, लावला, जा म्हटलं. काका आपले आत जाऊन बसतात ते बसतातच."

वहिनी हसली. म्हातारं माणूस, चष्मा शोधायलाच पाच मिनिटं जात असतील. तिच्या खोलीत सगळं जागच्या जागी होतं. काकांनी पेन्सिलींनाही टोकं काढून ठेवली होती. ते स्वतः भांडारात परत गेले होते आणि टेबलावर नोंदवही उघडी होती. तिने बसता बसता ओलाव्याचा रकाना वरून खाली वाचला.

सहा. सात. सहा. सहा. सात. सहा.

तिने पान उलटलं. सहा. सहा. सात. अकरा दिवसांत अठ्ठावन्न गाड्या, नदीकाठच्या, माळावरच्या, मधल्या दोन ढगाळ दिवसांतल्या, आणि एकही गाडी सातच्या वर नाही. एका आईच्या चार लेकरांचं वजनसुद्धा इतकं सारखं भरत नाही. यंत्र बिघडलं असेल म्हणून तिने तपासणीची पांढरी चकती लावली. यंत्र ठणठणीत होतं. मग तिने साठवलेले आलेख उघडले. साखर होती, लिग्निन होतं. पाण्याच्या दोन टेकड्या मात्र कुणीतरी फावड्याने सपाट केल्यासारख्या झाल्या होत्या.

पंधरा मिनिटं. ड्रायरचा एक फेरा पंधरा मिनिटांचा असतो.

  ती भांडारात गेली तेव्हा काका सुतळीची भेंडोळी मोजत होते.

"काका, ओलावा बघायच्या आधी नमुना ड्रायरमध्ये घालत होता तुम्ही?"

"म्हणजे काय! अगदी न चुकता," काका कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाले. "एकही नमुना ओला दाखवला नाही यंत्राला. तुम्हीच नाही का नेहमी ओरडायच्या, ओलं काही यंत्रापुढे आणू नका म्हणून?"

"अहो, ते दुसऱ्या पायरीला! पहिल्या पायरीला मी 'वाळलेला' लिहिलं होतं. वाळवलेला नाही, वाळलेला!"

काकांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. अकरा दिवस तो त्यांनी खिशात जपला होता. चष्मा पुसून त्यांनी बोट ठेवत वाचलं. "वाळलेला. बरोबर. मग ड्रायरमधून निघाला की वाळलेलाच असतो ना तो?"

काकांच्या बोटाखालचा शब्द वहिनीने स्वतः वाचला. काका बरोबर बोलत होते. ड्रायरमधून निघालेलं काड वाळलेलंच असतं. इथे कुणी 'ध'चा 'मा' केला नव्हता. जे लिहिलं होतं तेच वाचलं गेलं होतं, आणि तेच अकरा दिवस इमानेइतबारे केलं गेलं होतं.

"या सगळ्या गाड्या कुठे रचल्या?"

"तिसऱ्या शेडमध्ये," काका म्हणाले, आणि मग त्यांच्याही चेहऱ्यावरून रंग उतरला.

तिसऱ्या शेडच्या मागच्या भिंतीपासून शंभर पावलांवर तयार इंधनाच्या टाक्या होत्या. आणि शेडच्या आत, दोन गंज्यांच्या मधल्या गल्लीत, या घटकेला तिचा दीर लोडर चालवत होता. तिने फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. लोडरच्या आवाजात त्याला कधीच फोन ऐकू येत नसे. मग डॉक्टरांनी महिनाभर धावू नका म्हणून सांगितलेली ती बाई एका हाताने पोट आणि दुसऱ्या हाताने लांब सळीचा थर्मामीटर धरून आवारातून धावत सुटली.

शेडच्या दाराशीच तिला वास आला. गोडूस, तंबाखूसारखा, पाक थोडा करपावा तसा. अजाण माणसाने म्हटलं असतं, छान वास आहे.

"भावजी! बंद करा ते! खाली उतरा!"

त्याने इंजिन बंद केलं आणि हसतच उतरला. "वहिनी, टाके उसवतील! दादा मला घरात घेणार नाही."

"वरचे गठ्ठे कधीपासून रचताय?"

"आज दुसरा दिवस. का हो?"

तिने सांगितलं. चार वाक्यांत. त्याचं हसू हळूहळू मावळलं. 

"मंगळवारच्या गाड्या हाताला गार लागल्या होत्या मला," तो म्हणाला. "पार आतपर्यंत हात घालून बघितलं. काकांना म्हटलं, ही वीसच्या खाली नाही. ते म्हणाले, यंत्र सहा म्हणतंय."

"मग?"

"मग काय. म्हटलं, वहिनींचं यंत्र आहे. माझाच हात बधिरला असेल. आणि दादाने फोन करायचा नाही म्हणून सांगितलेलं." त्याने खांदे उडवले. "रचून टाकल्या."

हे ऐकून तिला रडूच आलं असतं, पण रडायला वेळ नव्हता. दोघांनी मिळून सळी गंजीत खुपसली. पहिल्या जागी बेचाळीस. दहा पावलं पुढे अठ्ठावन्न. चौथ्या रांगेपाशी काटा सत्तरला रेंगाळला आणि पुढे सरकत एक्याऐंशीवर थांबला. ऐंशीनंतर गंजीवर पाय ठेवायचा नसतो, कारण आत जळून पोकळी झालेली असू शकते. काल दुपारी दीर तिथेच वर चढून ताडपत्री ओढत होता.

साहेब आले, मागून काका आले. साहेबांनी काटा वाचला आणि आधी अग्निशमन दलाला फोन केला. बंब पाव तासाच्या वाटेवर होता. मग ते वळले. एरवी शांत माणूस, पण आवाज चढला. "ड्रायर लावायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

काकांचे ओठ हलत होते. "माझी चूक झाली, साहेब," ते म्हणाले. कागद त्यांच्या मुठीत होता. त्यांनी तो उघडला नाही.

"त्यांची नाही," वहिनी म्हणाली. "कागद माझा, अक्षर माझं. मी दोन वेगळ्या गोष्टींना जवळजवळ एकच नाव दिलं होतं."

"ते नंतर बघू," साहेब म्हणाले. "ही गंजी उघडावी तर हवा लागून भडकेल, आणि नाही उघडली तर आतून पेटेल. आगीतून फुफाट्यात. आठशे गठ्ठे आहेत, वहिनी. ओले नेमके कुठले, हे कसं कळणार?"

तेव्हा तिला पिशव्या आठवल्या. प्रत्येक गाडीच्या नमुन्यातला उरलेला भाग न वाळवता, तसाच हवाबंद पिशवीत भरून महिनाभर फळीवर ठेवायचा, हा तिचाच नियम होता. आणि काका नियम मोडणाऱ्यांतले नव्हते.

"काका, पिशव्या ठेवल्यात?"

"अठ्ठावन्नच्या अठ्ठावन्न," काका म्हणाले. "तारखेनुसार. आणि कुठली गाडी कुठल्या रांगेत, कुठल्या थरात रचली, तेही लिहिलंय. भांडारात सवय असते ना, माल कुठे ठेवला ते लिहायची."

वहिनीने त्यांचा हात धरला आणि जवळजवळ ओढतच खोलीत नेलं. पुढचा तासभर त्या खोलीत काय झालं हे काका निवृत्त झाल्यावरही सांगत. ती पिशवी फोडायची, कप भरायची, झाकण लावायची. यंत्र गुणगुणायचं. ती पडद्याकडे बघत बसायची, काका वहीवर पेन्सिल टेकवून थांबायचे.  दहा. बारा. तेरा. अकरा. मग अचानक पडद्यावर पाण्याच्या दोन टेकड्या अशा उभ्या राहिल्या की तिने आकड्याची वाटच बघितली नाही.

"चोवीस! काका, सतरा नंबर!"

"चौथी रांग, खालून दुसरा थर, डाव्या अंगाला."

ती वॉकीटॉकीवर तेच ओरडायची आणि पलीकडून दिराचा आवाज यायचा, "ऐकलं." तोवर बंब येऊन उभा राहिला होता. लांब हाताचा लोडर चालवून, गंजी न ढासळू देता मधलाच गठ्ठा उचलून आणणारा माणूस त्या आवारात एकच होता. तो वाऱ्याच्या उलट्या बाजूने शिरायचा, पंज्याने गठ्ठा धरायचा, मागे मागे येत मैदानावर टाकायचा, आणि दोन बंबवाले त्याच्यावर पाणी सोडायचे. गठ्ठ्याच्या पोटातून वाफ निघायची. काहींच्या आत काड पार काळंठिक्कर पडलेलं होतं.

वहिनीला हे काही दिसत नव्हतं. तिला फक्त ऐकू येत होतं. दोन हाकांच्या मध्ये वॉकीटॉकी नुसती खरखरत राहिली की ती कप खाली ठेवून तिला कान लावायची. घरी सासूबाईंना काय सांगायचं, जावेला काय सांगायचं, असे विचार मध्येच येत आणि ती ते झटकून पुढची पिशवी फोडायची. पोटाला कोटाखाली काहीतरी ओलं लागत होतं. तिने खाली बघितलं नाही.

अठ्ठावन्न पिशव्यांत नऊ गाड्या ओल्या निघाल्या. आठ गाड्यांचे गठ्ठे बाहेर आले. नववी गाडी त्याच चौथ्या रांगेत, सगळ्यांत तळाशी होती. सव्वीस.

"भावजी, हा शेवटचा. तळाचा थर, मध्यभागी. एवढं झालं की संपलं."

"ऐकलं," तो म्हणाला.

मग बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग कुणीतरी ओरडलं. मग एकदम खूप जण ओरडले.

ती खिडकीशी गेली. तो शेवटचा गठ्ठा हवेत येताच भडकला होता. लोडर शेडच्या दारात उभा होता, पंज्यात पेटलेला गठ्ठा, आणि पंजा उघडत नव्हता. उष्णतेने खीळ अडकली होती. मागे सरकावं तर पाण्याचा पाइप चाकाखाली येत होता, आणि तिथेच थांबावं तर ठिणग्या आत, कोरड्या गंजीवर पडत होत्या. दीर लोडरमधून खाली उतरला. पंज्याशी गेला. त्याने खीळ हाताने धरली आणि उपसली. गठ्ठा खाली पडला, त्याच्यावर पाणी पडलं आणि सगळं धुराने भरून गेलं.

धुरातून तो बाहेर आला तेव्हा उजवा हात छातीशी धरून आला. त्या हातात मोजा नव्हता. काल-परवापर्यंत यंत्रावर विसंबलेला तो माणूस त्या दिवशी पुन्हा प्रत्येक गठ्ठा हाताने चाचपून बघत होता, आणि त्यासाठी वहिनीचं ऐकल्याबरोबर त्याने उजवा मोजा काढून खिशात ठेवला होता.

शेड वाचली. टाक्यांपर्यंत ठिणगीही गेली नाही. वहिनीचे दोन टाके उसवले होते, ते त्याच दवाखान्यात पुन्हा घातले, आणि पुरुषांच्या वॉर्डात दिराच्या तळहाताला मलमपट्टी झाली. चौकशी झाली. तिने कागद स्वतःहून फाइलला लावला आणि तिला लेखी ताकीद मिळाली. काका ठरल्या तारखेला, डाग न लागता निवृत्त झाले. यंत्राच्या पडद्यावरचं पहिलं बटण तिने बदललं. तिथे आता 'आला तसा' असं लिहिलं आहे. शब्द गबाळा आहे, पण कुणालाही तो दुसऱ्या कशासारखा वाचता येत नाही.

चार महिन्यांनी दीर कामावर आला. हात भरून आला होता. मुठीत लोडरचा दांडा नीट बसायचा, जेवता यायचं, सही यायची. तळव्यावरची कातडी मात्र गुळगुळीत, चकचकीत झाली होती. डॉक्टरांनी सुई टोचून बघितलं होतं आणि त्याला कळलं नव्हतं.

पहिल्या सकाळी पहिली गाडी आली. तो सवयीने उतरला. सवयीने मोजा काढला आणि गठ्ठ्यात कोपरापर्यंत हात घातला. डोळे मिटले. वहिनी दारात कप घेऊन उभी होती. तो बराच वेळ तसाच उभा राहिला, मग त्याने हात बाहेर काढला, पँटला पुसला आणि मोजा चढवला.

"बघा तुम्हीच," तो म्हणाला.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. तिने नमुना तीन वेगळ्या ठिकाणांहून काढला, तीनदा लावला आणि तिन्ही आलेख एकमेकांवर ठेवून पाहिले.

"एकोणीस," ती म्हणाली. "मैदानावर न्या."

"बरं."

तो लोडरकडे वळला. एवढंच. चहाचं नाही, लबाडीचं नाही. तिला ते सहन झालं नाही.

"भावजी, भांडा ना एकदा. म्हणा, यंत्र लबाड आहे म्हणून."

तो पायरीवर चढता चढता थांबला. त्याला राग आलेला नव्हता, उलट तिची समजूत घालावी तसा तो हसला. मोज्यातला हात त्याने थोडा वर केला.

"आता कशाच्या जोरावर म्हणू, वहिनी?"

मग त्याने इंजिन चालू केलं आणि गठ्ठा उचलून मैदानाकडे नेला.